गाडीची लाईन : बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका घराच्या प्रकल्प नोंदी

१८ मे २०२५

काम काय आहे ते आधी लिहून ठेवतो. अण्णाची इलेक्ट्रिक गाडी रोज संध्याकाळी बेळगावच्या उद्यमबागेतून घरी येते आणि सकाळपर्यंत सोप्यासमोर उभी असते. तिच्या बॅटरीत साधारण ४० युनिट वीज मावते. घरातल्या इन्व्हर्टरला १२ व्होल्ट, १५० एएचची एकच बॅटरी आहे. कागदावर ती १.८ युनिटची, पण लेड-ॲसिड बॅटरी पार उतरवायची नसते, म्हणून हाताला येतं ते त्याच्या निम्मं. दारात त्याच्या चाळीसपट साठा उभा असतो आणि तो घरात आणायची वाट मात्र नाही. ती वाट करायची आहे.

खरं कारण आत्या. तिचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर मिनिटाला ५ लिटरचा, लेबलवर ३५० वॅट. पंखे-दिवे सगळे बंद ठेवले तरी इन्व्हर्टरवर तो अडीच तासांपलीकडे जात नाही. म्हणून घरात बी टाइप सिलिंडर भरून ठेवतो. त्यात १५०० लिटर, मिनिटाला २ लिटरनं साडेबारा तास. एक रात्र निघते, दुसरी निघत नाही. भरलेला सिलिंडर बेळगावहून येतो आणि जांबोटीच्या रस्त्यावर झाड आडवं पडलं की तोही येत नाही. आमच्याकडं ११ केव्हीची लाईन रानातून येते. वाऱ्यात फांदी पडली तर ती शोधायलाच लाइनमनला अर्धा दिवस लागतो, तेही पावसात. यात कुणाला दोष देण्यासारखं काही नाही. रान दाट आहे आणि पाऊस मोठा आहे.

२५ मे

लाईट नसताना काय चालायलाच हवं, याचा हिशेब घातला. प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर आणला होता. कॉन्सन्ट्रेटर लेबलपेक्षा थोडी कमी, ३०० वॅटच्या आसपास घेतो. रात्रीचे दहा तास धरले तर ३ युनिट. फ्रिज चोवीस तासांना एक युनिट. ९ वॅटचे एलईडी, २८ वॅटचे बीएलडीसी पंखे, राउटर आणि मोबाइल मिळून दीड. सगळं मिळून सहाच्या आत बसतं.

विहिरीची मोटर यादीतून काढली. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, पण सुरू होताना ती पाच-सहा पट करंट ओढते. वरची टाकी पाऊस येण्याआधी भरून ठेवायची, झालं. गिझर आणि इंडक्शन शेगडीचा तर प्रश्नच नाही.

१ जून

गावात दोघांनी विचारलं, गाडीतून वीज बाहेर कशी काय येते? सगळ्याच गाड्यांतून येत नाही. गाडीच्या आतला चार्जर घरच्या एसीचं डीसी करून बॅटरी भरतो. तोच चार्जर उलटा चालेल असा बनवलेला असेल तर बॅटरीतल्या डीसीचं पुन्हा २३० व्होल्ट एसी होतं आणि चार्जिंगच्याच तोंडाला ॲडॉप्टर लावून आपल्याला सॉकेट मिळतं. याला व्ही-टू-एल म्हणतात, गाडीतून थेट उपकरणाला. ह्युंदाई आयोनिक ५ मध्ये ही सोय ३.६ किलोवॅटची आहे. टाटा नेक्सॉन इव्हीत ती २०२३ च्या नव्या रूपात आली. आमच्या ॲडॉप्टरवर ३.३ केव्हीए लिहिलंय, म्हणजे १४ अँपिअरच्या आसपास. आम्हाला लागतं त्याच्या पाचपट.

घरच्या इलेक्ट्रिक स्कूटरवर असं करता येईल का, असंही एकानं विचारलं. कंपनीनं सोय दिलेली नसेल तर बॅटरी उघडून तारा काढायच्या नाहीत, हे त्याला तिथंच बजावलं.

८ जून

मृग निघाला. वायरमन मामा आले होते. त्यांचा पहिला बेत सरळ होता : मीटरनंतर चेंजओव्हर स्विच बसवायचा, एका बाजूला मेन, दुसऱ्या बाजूला गाडी. घराची सगळी वायरिंग तीच राहील.

योगायोगानं लाइनमनही टीसीचं, म्हणजे ट्रान्स्फॉर्मरचं, फ्यूज बघायला गल्लीत आले होते. त्यांना चहाला बोलावलं आणि बेत दाखवला. ते कन्नडमध्ये बोलत होते, आम्ही मराठीत. आमच्याकडं बोलणं असंच होतं. त्यांनी एकच विचारलं, "हा स्विच कोण टाकणार? रात्री दोन वाजता, घाबरलेल्या माणसानं टाकला तर?"

ते का विचारत होते हे सगळ्यांनी समजून घ्यायला पाहिजे. टीसी ११ हजार व्होल्टचे ४३३ करतो. पण ट्रान्स्फॉर्मरला दिशा कळत नाही. घरातल्या जनरेटरची, इन्व्हर्टरची किंवा गाडीची वीज उलटी तारेत शिरली, तर तो तिचेच हजारो व्होल्ट करून खांबावर पाठवतो. खाली लाईन बंद केलेली, वर माणूस चढलेला. म्हणून ते चढण्याआधी जीओएस, म्हणजे खांबावरचा लाईन तोडणारा स्विच, उघडतात आणि तारांना अर्थिंगची काठी लावतात. तरीही कुणाच्या घरात जनरेटर आहे याची यादी त्यांना पाठ आहे. आता त्यात आमचं घर जाणार.

चेंजओव्हर करायचाच तर दोन पोलचा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, आणि मध्ये बंद जागा असलेला. मामा म्हणाले, "त्यापेक्षा कमी मी बसवणार नाही बघा." सोलरवाले शेजारीही बसले होते. त्यांच्या छतावर ३ किलोवॅटचं पॅनल आहे, सूर्यघर योजनेतलं, ७८ हजार सबसिडीचं. लाईट गेली की भर उन्हातही त्यांचं घर बंद पडतं आणि त्यांना ते फसवल्यासारखं वाटायचं. पण त्यामागं हाच लाइनमन आहे. ग्रीड गेली की तो इन्व्हर्टर स्वतःहून बंद पडतो, तसा पडलाच पाहिजे असा नियम आहे.

१४ जून

दोन गोष्टी कळल्या आणि बेत बदलला.

गाडीच्या सर्व्हिस सेंटरला लेखी विचारलं होतं. उत्तर आलं : ॲडॉप्टर उपकरणं थेट लावण्यासाठी आहे, घराच्या वायरिंगला जोडण्यासाठी नाही. हे उत्तर मला पटलं, कारण त्याच दिवशी मामांनी ॲडॉप्टरच्या सॉकेटवर मल्टिमीटर धरला होता. दोन तारांमध्ये २३० व्होल्ट, पण प्रत्येक तार आणि अर्थ यांच्यात मात्र निम्म्याच्या आसपास. म्हणजे यात न्यूट्रल असा नाहीच. दोन्हीपैकी कुठलीही तार जमिनीला बांधलेली नाही. आपल्या घरात न्यूट्रल टीसीपाशी जमिनीला बांधलेला असतो आणि झटक्यापासून वाचवणारा स्विच, आरसीसीबी, त्याच भरवशावर काम करतो : फेजमधून गळलेला करंट जमिनीतून परत जातो, आत-बाहेरचा हिशेब जुळत नाही, स्विच पडतो. गाडीच्या विजेवर परतीची ती वाट नाही, म्हणून आरसीसीबी पडणार नाही.

यातली धोक्याची जागा अशी की आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं तर तो तरीही पडतो. ते बटण आतल्या आत दोन तारांमध्येच थोडा करंट वळवतं. अर्थशी त्याचा संबंध नाही. बटण पाहून माणूस निश्चिंत होईल आणि संरक्षण मात्र नसेल. कुणी हे करत असाल तर एवढं ध्यानात ठेवा.

दुसरी गोष्ट इन्व्हर्टरची. मला वाटत होतं, इन्व्हर्टरचा चार्जिंगचा प्लग गाडीच्या सॉकेटात घातला की काम झालं. मामांनी बोर्ड उघडून दाखवलं : इन्व्हर्टरचा न्यूट्रल मेनच्या न्यूट्रलशी एकत्र बांधलेला आहे. आपल्याकडच्या बहुतेक घरांत असाच असतो. गाडी तिथं लावली की ती खांबावरून आलेल्या तारेला जोडली जाणार.

म्हणून ठरलं : घराच्या वायरिंगला गाडी जोडायचीच नाही. गाडीची स्वतःची वेगळी लाईन ओढायची, तिचा मेनशी कुठंही एक तारेचाही संबंध नसेल. चेंजओव्हर नको, म्हणजे रात्री दोन वाजता चुकीचा टाकायलाही काही नको.

२१ जून

लाईन झाली. सोप्याच्या भिंतीवर झाकणाची पेटी, आत १६ अँपिअरचा दोन पोलचा एमसीबी. तिथून अडीच स्क्वेअरची तांब्याची तीन तारांची केबल पाइपातून आत. एक सॉकेट आत्याच्या खोलीत, एक फ्रिजच्या मागं, एक मधल्या खोलीत. बस्स. जमिनीला न बांधलेल्या विजेत पहिला बिघाड झटका देत नाही, पण तो कळतही नाही. दुसऱ्या उपकरणात दुसरा बिघाड झाला की मग गाठ पडते. म्हणून लाईन आखूड आणि पॉइंट मोजके. तिन्ही सॉकेटांना मामांनी लाल पट्ट्या लावल्या. आईला समजावून सांगितलं : लाईट गेली की पांढऱ्या सॉकेटातला प्लग काढून लाल सॉकेटात घालायचा, एवढंच.

ॲडॉप्टरवर पागोळ्याचं पाणी येऊ नये म्हणून गाडी मागं घेऊन तोंड सोप्याच्या पत्र्याखाली येईल अशी लावायची. गाडीच्या स्क्रीनवर मर्यादा ठेवली ३० टक्के. त्याखाली गेली की वीज देणं आपोआप बंद. ३० टक्के म्हणजे १२ युनिट, म्हणजे सत्तरपेक्षा जास्त किलोमीटर. आत्याला घेऊन बेळगावला जावं लागलं तर जाऊन परत येता आलं पाहिजे. हा आकडा कुणीही, कशासाठीही खाली आणायचा नाही, असं घरात ठरलंय.

९ जुलै

तरण्या पावसानं दाखवलं. परवा संध्याकाळी लाईट गेली ती आज सकाळी आली. पहिली रात्र आणि कालचा सगळा दिवस आधीचा इन्व्हर्टर आणि गाडी मिळून काढला, दुसरी रात्र गाडीवर. सिलिंडरची चावी फिरवावी लागली नाही.

गाडी ८६ टक्क्यांवरून ६१ वर आली, म्हणजे १० युनिट खर्ची पडली. लाल सॉकेटांवरचे वॅटमीटर मिळून सातच्या आसपास दाखवतात. मधली तीन युनिट गेली कुठं? वीज देताना गाडी जागी राहते : तिचे कॉम्प्युटर, काँटॅक्टर, कधी बॅटरीचा पंप. त्यासाठी ती दर तासाला ठरावीक वीज घेते, तुम्ही कॉन्सन्ट्रेटर चालवा की नुसता एक दिवा. म्हणून एका बल्बसाठी गाडी चालू ठेवणं परवडत नाही. कालपासून पद्धत अशी : दिवे आणि राउटर इन्व्हर्टरवर, रात्री कॉन्सन्ट्रेटर आणि फ्रिज गाडीवर, दिवसा आत्याला मशीन नको असेल तेव्हा गाडी बंद. फ्रिज तीन-चार तास उघडला नाही तर दूध टिकतं.

अण्णाला बॅटरीच्या आयुष्याची काळजी होती, आणि ती रास्त आहे, गाडी कर्जावर आहे. त्याला हिशेब मांडून दिला. १० युनिट म्हणजे ६५ किलोमीटरचं पळणं, बेळगावची एक फेरी. शिवाय घाट चढताना मोटर दहा किलोवॅटहून कितीतरी जास्त ओढते. घर ओढतं अर्धा किलोवॅटही नाही. बॅटरीला हा ताण नव्हेच. त्याला पटलं. पण दिवसा गाडी त्याच्याबरोबर असते, ही खरी अडचण तशीच आहे. मोठ्या पावसाचा इशारा असला की गाडी ९० टक्के भरून घरी आणि तो बसनं, असं त्यानंच सुचवलं.

२० जुलै

बिलाचं. हे लिहिणं गरजेचं आहे, कारण इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्या प्रत्येक घराला इथं हा प्रश्न येणार. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत घराला २०२२-२३ च्या मासिक सरासरीपेक्षा थोडी जास्त वीज मोफत, कमाल २०० युनिटपर्यंत. आमची सरासरी ८६, म्हणजे ९५ च्या आसपास मोफत. त्याच्या वर पण २०० च्या आत राहिलो तर फक्त वरच्या युनिटचं बिल. २०० ओलांडले की सगळंच बिल आपलं. गाडी महिन्याला हजार किलोमीटर पळते, त्याला १५० युनिट. घराच्या मीटरवर गाडी लावली तर दोनशेची रेघ दर महिन्याला ओलांडणार.

म्हणून गाडीसाठी वेगळं मीटर. कर्नाटकात इव्ही चार्जिंगला वेगळा दर आहे, त्या दरानं. डिपॉझिट आणि वायरिंगचा खर्च होतो, पण घरचं ज्योतीचं बिल शून्याजवळ राहतं.

१० ऑगस्ट

बेळगावला एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणाऱ्या मित्राकडं गेलो होतो. विषय : आमच्यासारख्या गाड्या घरापुरत्या न राहता ग्रीडला वीज देतील का?

कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाच्या विलेट केम्प्टन यांनी १९९७ मध्ये स्टीव्हन लेटेंद्रे यांच्याबरोबर ती मांडली : गाड्या दिवसातला बहुतेक वेळ उभ्याच असतात, तेव्हा त्यांची बॅटरी ग्रीडच्या कामी यावी. जपाननं ते घरापासून सुरू केलं. २०११ च्या मार्चमधल्या भूकंपानंतर वीज तुटली आणि २०१२ मध्ये निसाननं लीफ गाडीतून घराला ६ किलोवॅटपर्यंत वीज देणारी पेटी आणली. तेव्हाच्या लीफची बॅटरी २४ युनिटची, आमच्या गाडीपेक्षा कितीतरी लहान. २०१६ मध्ये कोपनहेगनजवळ फ्रेडरिक्सबर्ग इथं एका सेवा कंपनीच्या १० व्हॅन संध्याकाळी परत आल्या की ग्रीडला जोडल्या जाऊ लागल्या. त्या वीज विकत नव्हत्या म्हटलं तरी चालेल. त्या ग्रीडचा ठोका सांभाळत होत्या, थोडी घे, थोडी दे.

तो ठोका म्हणजे ५० हर्ट्झ. मागणी वाढली की तो खाली सरकतो. आपल्याकडं तो ४९.९० ते ५०.०५ मध्ये ठेवायचा असतो. २०१३ च्या ३१ डिसेंबरला रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची लाईन जोडली गेली आणि दक्षिणेची ग्रीड बाकी देशाशी एक झाली. तेव्हापासून निपाणीतला पंखा आणि अमृतसरमधला पंखा एकाच ठोक्यावर फिरतात. सीमेवर राहणाऱ्या आम्हाला ही गोष्ट मनापासून आवडते.

अडचण कुठं आहे? लीफची वाट चाडेमो या जपानी चार्जिंग प्लगची होती. आपल्या गाड्या सीसीएस-२ वाल्या. त्या प्लगवर दोन्ही दिशांचं बोलणं ठरवणारं मानक, आयएसओ १५११८-२०, २०२२ मध्ये आलं. गाडी, भिंतीवरची पेटी, दोन्ही बाजूंनी मोजणारं मीटर आणि वीज कंपनीची परवानगी, चारही हातात असल्याशिवाय ग्रीडला एक युनिटही द्यायचं नाही. व्ही-टू-एलचा ॲडॉप्टर हे त्यासाठीचं साधन नव्हे.

१७ ऑगस्ट

मित्राचं बोलणं डोक्यात ठेवून गल्लीच्या टीसीचा हिशेब केला. ६३ केव्हीएचा आहे. उद्या गावात दहा गाड्या आल्या आणि संध्याकाळी सातला सगळ्यांनी घरी येऊन प्लग लावला, तर ३.३ किलोवॅटप्रमाणे ३३ किलोवॅट. टीसीचा निम्मा भार एकदम, तोही गिरणी, टीव्ही आणि स्वयंपाकघरांच्या वेळेला. फ्यूज जाणारच.

हेच उलटं वाचलं तर त्याच दहा गाड्या त्याच वेळेला ३ किलोवॅट देऊ शकल्या तर टीसीवरचा संध्याकाळचा भार ३० किलोवॅटनं उतरेल. फरक फक्त वेळेचा. म्हणून माझं मत पक्कं झालंय की ग्रीडची पहिली सेवा वीज देणं नव्हे, संध्याकाळी न घेणं. कर्नाटकात दुपारी सूर्याची वीज भरपूर असते. एकट्या पावगडच्या पार्कची क्षमता २०५० मेगावॅट आहे. केंद्राच्या २०२३ च्या ग्राहक हक्क नियमांत सौर तासांचा दर नेहमीपेक्षा निदान २० टक्के कमी ठेवायचं आहे. आम्ही आजपासून चार्जिंगचा टायमर रात्री अकराचा लावला. रविवारी गाडी घरी असते तेव्हा दुपारी. याला ना परवानगी लागते ना पेटी, कुणालाही आज करता येतं.

३० ऑगस्ट

गणपतीत मंडळाची मुलं आली. पाऊस, लाईट जाते-येते, तर मंडपाला गाडी लावा. मुलं भली आहेत, सगळी आत्याला ओळखतात. साउंडला नाही म्हणून सांगितलं. आरतीपुरता माइक आणि मूर्तीवरचे एलईडी, रोज संध्याकाळी तासभर, आणि गाडी ६० टक्क्यांच्या वर असेल तरच. मंडपाची वायरिंग बघितली, उघडे जोड होते. मामांनी ते बांधून घेतल्यावरच प्लग लावू दिला. एकानं विचारलं, विसर्जनाच्या मिरवणुकीत गाडी पुढं घेऊ या का, चालता चालता साउंड वाजेल. वीज देताना गाडी चालत नाही, हे उत्तर पुरेसं झालं.

२१ सप्टेंबर

गावातलं आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंशी बोललो. आसपासच्या वाड्यांत कॉन्सन्ट्रेटरवर असलेली आणखी माणसं आहेत आणि त्यांच्याकडं गाडी नाही. पण लाल सॉकेटाला गाडी त्या घरचीच असायला कुठं लागते? सोप्यावर पेटी, खोलीत एक सॉकेट, पाच मीटर केबल, एवढं बांधून ठेवलं तर लाईट गेल्यावर आमची गाडी तिथं नेऊन उभी करता येते. दोन-तीन तास मशीन चालवून, तिथल्या इन्व्हर्टरची किंवा सिलिंडरची पाळी पुढं ढकलून परत यायचं. खांब पडला तर वीज तारेतून जात नाही, पण रस्ता असेल तर चाकावरून जाते. ग्रीडला वीज द्यायला अजून वेळ आहे. शेजारच्या वाडीला द्यायला वेळ नाही.

पहिलं घर ठरलं. वाडीच्या तोंडालाच आहे, गाडी थेट पायरीपर्यंत जाते. मामा येत्या रविवारी माप घेणार. लाइनमननी पेटी बघायला येतो म्हणून सांगितलंय. त्यांच्या यादीत ते घर आधी जाईल, मग केबल ओढायची. सामान : दोन पोलचा एमसीबी, झाकणाची पेटी, अडीच स्क्वेअर केबल, एक सॉकेट, लाल पट्टी.